दोन सुरांमधलं अंतर: नॉनहार्मोनिक फुरिये श्रेणी आणि कंपनांचं नियंत्रण, पहिल्यापासून

तानपुरा लावताना जोडाच्या दोन तारांपाशी हात सगळ्यात जास्त वेळ रेंगाळतो. दोन्हींचा सूर सा. एक लागलेली असते, दुसरी जवळजवळ लागलेली. दोन्ही एकापाठोपाठ छेडल्या की आवाज फुगतो, ओसरतो, पुन्हा फुगतो. लावणारा मणी केसभर सरकवतो आणि थांबून ऐकतो. ही फुगवट दोन सेकंदांत एकदा येत असेल, तर तारांच्या वारंवारतेत अर्ध्या हर्ट्झचा फरक आहे. शाळेत याला विस्पंद म्हणून शिकवतात. आता गंमत पाहा. पाव सेकंद ऐकून हा फरक सांगा म्हटलं, तर मुरलेल्या कानालाही ते जड जाईल. एक अख्खी फुगवट ऐकायला मिळाली पाहिजे, म्हणजे दोन सेकंद.

मला या लेखात सांगायचं आहे ते सगळं या दोन सेकंदांत आहे. दोन कंपनं वेगळी ओळखायला, किंवा एकाच हाताने दोन्ही थांबवायला, किती वेळ लागेल हे त्यांच्या वारंवारतांमधल्या अंतरावर ठरतं. तार असो, तुळई असो की हलणारा क्रेनचा आकडा, हिशेब तोच. त्याचं गणित नॉनहार्मोनिक फुरिये श्रेणी या भारदस्त नावाखाली पुस्तकांत दडलेलं आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी किंवा एम.एस्सी. गणिताचा नवा विद्यार्थी यांनी पायरी पायरीने इथे यावं, यासाठी हा लेख आहे.

सामान थोडंच लागेल: एक स्टीलची फूटपट्टी, दोन-अडीच मीटर सुतळी, दोन सारखे जड नट, एक काठी, आवाजाचा स्पेक्ट्रम दाखवणारं मोबाइल ॲप, आणि पायथन किंवा ऑक्टेव्ह चालणारा कुठलाही संगणक. संमिश्र संख्या आणि मॅट्रिक्स यांची ओळख हवी. बाकी वाटेत होईल.

पहिली पायरी: हार्मोनिक आणि नॉनहार्मोनिक, कानाने

दोन्ही टोकं घट्ट बांधलेली पातळ तार १०० हर्ट्झला वाजत असेल, तर तिच्यात २००, ३००, ४०० असे पटीतले सूरही असतात. सगळ्या वारंवारता समान अंतरावर. म्हणून एक शतांश सेकंदात सगळं चित्र जसंच्या तसं परत येतं, आणि तेवढ्या काळात हे सूर एकमेकांत जराही मिसळत नाहीत. कोणता सूर किती आहे, हे नेहमीच्या फुरिये सूत्राने सरळ काढता येतं. ही हार्मोनिक श्रेणी.

आता फूटपट्टी टेबलाच्या कडेवर दाबून धरा, साधारण २० सेंटिमीटर बाहेर राहू द्या आणि टोक सोडा. पट्टी एक मिलिमीटर जाड असेल तर पहिलं कंपन २० हर्ट्झच्या आसपास येतं. मोबाइलचा माइक ते नीट पकडत नाही, पण दुसरं दिसू शकतं, १२८ च्या जवळपास. तिसरं साधारण ३५८. गुणोत्तरं १, ६.२७, १७.५५. इथे पटीचा मागमूस नाही. टोक धरण्याच्या पद्धतीनुसार आकडे थोडे हलतील, पण अशी पट्टी हार्मोनिक कधीच होणार नाही.

सारख्या जाडीच्या गोल पडद्याची गोष्टही तशीच. त्याची गुणोत्तरं १, १.५९, २.१४, २.३० अशी जातात, म्हणून साध्या ढोलाला नेमका सूर सापडत नाही. तबल्याला सापडतो, कारण मधोमध शाई असते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली सहकाऱ्यासोबत 'नेचर'मध्ये दाखवलं, की शाईच्या वजनामुळे आपल्या चर्मवाद्यांची सुरुवातीची कंपनं जवळजवळ पूर्णांकी पटीत येऊन बसतात. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शाईचे थर घोटून घोटून बसवले, त्यांनी एक नॉनहार्मोनिक वस्तू हाताने हार्मोनिक करून ठेवली. मला हे फार मोठं काम वाटतं.

तर व्याख्या एवढीच: ज्या बेरजेतल्या वारंवारता समान अंतरावर नाहीत, ती नॉनहार्मोनिक फुरिये श्रेणी. प्रत्यक्षातल्या बहुतेक वस्तू याच गटात मोडतात.

दुसरी पायरी: एक लंबक दोन धक्क्यांत थांबवा

नियंत्रण म्हणजे काय ते आधी हाताला कळू द्या. एक मीटर सुतळीला नट बांधा. सुतळीचं वरचं टोक हातात धरा. हा लंबक एक झोका साधारण २ सेकंदांत पुरा करतो.

नट शांत असताना हात एकदम २० सेंटिमीटर उजवीकडे न्या. नट झुलत राहील. आता पुन्हा करा, पण हात फक्त १० सेंटिमीटर न्या, बरोबर एक सेकंद थांबा, मग उरलेले १० न्या. नट नव्या जागी येऊन जवळजवळ मेल्यासारखा शांत उभा राहतो. पहिल्या अर्ध्या सरकण्याने झोका सुरू होतो. अर्ध्या आवर्तनानंतर नट दुसऱ्या टोकाला पोचलेला असतो, त्याचा वेग शून्य असतो, आणि ती जागा नेमकी तुमच्या अंतिम जागेखाली असते. त्याच क्षणी हात तिथे आणला की झुलायला काही उरत नाही.

क्रेन चालवणारे अनुभवी ऑपरेटर हे अंगवळणी पाडून घेतात. नियंत्रणशास्त्रात ऑटो स्मिथ यांनी १९५७ मध्ये याला पॉसिकास्ट हे नाव दिलं, आणि १९९० च्या सुमारास यंत्रमानवांच्या लवचीक हातांसाठी ही युक्ती इनपुट शेपिंग म्हणून पुन्हा पुढे आली.

पुढे जायच्या आधी हे खरोखर करून पाहा. दहा-बारा वेळा करावं लागेल.

तिसरी पायरी: प्रत्येक मोड म्हणजे एक काटा

हीच गोष्ट गणितात. वस्तूचं एकाच वारंवारतेचं एकेक कंपन म्हणजे मोड. एखाद्या मोडचं स्थान आणि वेग घ्या. स्थानाला कोनीय वारंवारतेने आणि काल्पनिक एककाने गुणा, त्यात वेग मिळवा. झाली एक संमिश्र संख्या. धक्का नसेल तर ही संख्या लांबी न बदलता एकाच गतीने गोल फिरते, घड्याळाच्या काट्यासारखी. काट्याची लांबी म्हणजे कंपन किती आहे ते. लांबी शून्य म्हणजे मोड शांत.

धक्का दिला की काट्याचं टोक एका ठरलेल्या दिशेने, वेगाच्या अक्षावर, सरकतं. दिशा नेहमी तीच. तुम्हाला निवडता येतं ते एवढंच: केव्हा आणि किती.

आता कल्पनेने काट्यावर जाऊन बसा. तुमच्या नजरेत काटा स्थिर आहे आणि धक्क्याची दिशा उलटी फिरते आहे. म्हणजे वेगवेगळ्या क्षणी दिलेले धक्के वेगवेगळ्या कोनांत येतात. त्या सगळ्यांची बेरीज सुरुवातीच्या काट्याच्या बरोबर उलट आली पाहिजे. लिहायचं तर असं: धक्क्याला त्या वारंवारतेच्या फिरत्या संमिश्र घातांकाने गुणून पूर्ण कालावधीवर इंटिग्रल घ्या. ते सुरुवातीच्या काट्याच्या ऋण किमतीला, धक्का त्या मोडपर्यंत किती पोचतो त्या गुणकाने भागून, मिळालं पाहिजे.

मागच्या पायरीतला लंबक यात बसवून पाहा. दोन सारखी सरकणी, मध्ये अर्धं आवर्तन. फिरत्या नजरेत दुसरं बरोबर १८० अंशांवर येतं आणि पहिल्याला रद्द करतं.

मोड अनेक असतील तर अशा अटीही अनेक, प्रत्येकीची वारंवारता वेगळी, आणि धक्का मात्र सगळ्यांना एकच. याला मोमेंट प्रॉब्लेम म्हणतात. तार किंवा तुळई थांबवण्याचा प्रश्न अशा अनंत अटी पाळणारं एक फंक्शन शोधण्यावर येतो. डेव्हिड रसेल यांनी १९६७ साली नॉनहार्मोनिक फुरिये श्रेणी नियंत्रणाच्या प्रश्नात आणल्या, त्या याच वाटेने.

चौथी पायरी: दोन काटे, एक हात

काठीच्या दोन टोकांना दोन लंबक बांधा, एक मीटरचा आणि ८१ सेंटिमीटरचा. आवर्तनं २ आणि १.८ सेकंद. वारंवारता ०.५ आणि साधारण ०.५५६ हर्ट्झ. अंतर ०.०५६ हर्ट्झ, म्हणजे दोघांची फुगवट १८ सेकंदांनी एकदा.

दोन्ही एकाच तालात झुलत असतील तर काठी सरकवून थोडक्यात थांबवता येतात. आता लांबचा झुलू द्या आणि आखूड बोटाने धरून शांत करा. काठी आडवी सरकवून फक्त झुलणारा थांबवा, शांत असलेला शेवटी शांतच हवा. दोन-तीन सेकंदांत करायला जाल तर हात जोरजोरात मागे-पुढे न्यावा लागेल आणि आखूड लंबक भडकेल. पंधरा-वीस सेकंद घेतलेत, लांबच्याच्या लयीत हलके धक्के देत राहिलात, तर जमतं. मधल्या काळात आखूड थोडा झुलतो, मग आपोआप निवतो.

हे आकड्यात बघण्यासाठी एक लहानसा मॅट्रिक्स लागतो. धक्का त्याच वारंवारतांच्या मिश्रणातून बनवायचा असं ठरवलं, तर मोमेंटच्या अटी साध्या एकसामयिक समीकरणांत बदलतात. गुणकांच्या जागी दोन वारंवारतांचं ठरलेल्या कालावधीतलं एकमेकांवरचं सावट येतं. याला ग्राम मॅट्रिक्स म्हणतात. असा धक्का निवडण्याचं आणखी एक कारण आहे: अटी पाळणाऱ्या सगळ्या धक्क्यांत याच्या वर्गाचं इंटिग्रल सर्वात कमी असतं, म्हणजे सगळ्यात कमी दमवणारा धक्का हाच.

दोन वारंवारतांसाठी हे सावट एका सूत्रात मावतं. हर्ट्झमधलं अंतर गुणिले सेकंदांतला कालावधी गुणिले पाय (३.१४१६), येईल त्या कोनाची साइन काढायची आणि त्याच कोनाने भागायचं. ऋण वारंवारता तूर्त बाजूला ठेवून आपल्या दोन लंबकांचा कंडिशन नंबर मी असा काढला:

१.८ सेकंदांत, म्हणजे फुगवटीच्या दहाव्या भागात: सुमारे १२१.
९ सेकंदांत: ४.५.
१८ सेकंदांत: बरोबर १.

हा आकडा सांगतो, की सोप्यात सोपं मिश्रण थांबवायला लागते त्याच्या किती पट मेहनत अवघड मिश्रणाला लागेल. फुगवटीच्या शंभराव्या भागात थांबवायचं म्हटलं तर तो १२,००० च्या पुढे जातो. उत्तर अस्तित्वात असतं, पण कुठलीही मोटर ते देऊ शकणार नाही.

संगणकावर करताना एक खबरदारी घ्या. धक्का वास्तव संख्येतला असल्यामुळे प्रत्येक वारंवारतेसोबत तिची ऋण जोडीदारही यादीत घ्यावी लागते. मॅट्रिक्स दुप्पट होतो. नवीन मुलं हे विसरतात आणि धक्क्याचं उत्तर संमिश्र येतं. अधिक आणि उणे यांच्यातलं अंतरही मोजायचं असतं: अर्ध्या हर्ट्झच्या लंबकाचं स्वतःच्या जोडीदारापासूनचं अंतर एक हर्ट्झ.

पाचवी पायरी: अनंत मोड, आणि इंगहॅम यांची असमानता

मोड मोजके असले तर कितीही छोट्या काळात, भरपूर किंमत मोजून, काम होतं. खरा प्रश्न मोड अनंत असले की येतो. दहा मोडना एक किंमत, शंभरांना त्याहून जास्त, हजारांना आणखी जास्त, असं वाढतच गेलं तर तार कधीच थांबणार नाही.

इथे अल्बर्ट इंगहॅम भेटतात. हे मूळचे संख्यासिद्धांताचे, मूळ संख्यांच्या मागे लागलेले. १९३६ साली त्यांनी एक असमानता सिद्ध केली. तिच्यात कंपनांचं नावही नव्हतं. आपल्या भाषेत ती अशी:

सगळ्या शेजारी वारंवारतांमध्ये किमान एक ठरावीक अंतर असू द्या. कालावधी, सेकंदांत, एक भागिले ते अंतर (हर्ट्झमध्ये) यापेक्षा जास्त असू द्या. मग त्या काळात नोंदलेल्या सिग्नलच्या वर्गाचं इंटिग्रल आणि सगळ्या मोडच्या आयामांच्या वर्गांची बेरीज ही दोन्ही एकमेकांच्या ठरावीक पटीत बांधलेली राहतात. त्या पटी फक्त अंतरावर आणि कालावधीवर अवलंबून असतात. मोड दहा आहेत की अनंत, याने त्या बदलत नाहीत.

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा, सगळं वजन तिथे आहे. ग्राम मॅट्रिक्स कितीही मोठा झाला तरी बिघडत नाही, ही त्याची हमी. आणि कालावधीची अट म्हणजे तीच तानपुऱ्याची एक अख्खी फुगवट.

तारेवर ताळा करून पाहा. १०० हर्ट्झच्या तारेत अंतर १००, म्हणून लागणारा काळ एक शतांश सेकंद. आता गणित विसरा आणि तारेकडे बघा. तुम्ही एक टोक हलवत आहात. त्या टोकाहून एक लाट नुकतीच दूर निघाली आहे. ती पलीकडे जाऊन, आपटून, परत येईपर्यंत तुम्हाला तिला हातही लावता येणार नाही. जायला-यायला किती वेळ? तारेची दुप्पट लांबी भागिले लाटेचा वेग. तोच एक शतांश सेकंद. दोन अगदी वेगळ्या वाटांनी एकच आकडा येतो. मी पहिल्यांदा हे जुळवलं, त्या दिवशी हा विषय माझा झाला.

नेमक्या सीमेवर मात्र सांभाळा. तारेसारखी शुद्ध हार्मोनिक यादी असेल तर सीमेवरही चालतं, कारण तिथे साधी फुरिये श्रेणी असते. नॉनहार्मोनिक यादीसाठी नेमक्या सीमेवर सर्वसाधारण हमी नाही. थोडा काळ जास्त घ्या.

याच्या शेजारचा आणखी एक प्रश्न: पूर्णांकी यादी किती बिघडली तरी चालेल? एक-एक हर्ट्झवर बसलेली यादी आणि एक सेकंदाचा कालावधी घ्या. प्रत्येक वारंवारता आपल्या जागेवरून थोडी सरकवली, तर ती श्रेणी फुरियेसारखीच काम करत राहील का? पेली आणि वीनर यांनी १९३४ मध्ये छापलेल्या ग्रंथात एक मर्यादा दिली, पूर्णांकापासून साधारण ०.१०. पेली तोवर हयात नव्हते, १९३३ मध्ये कॅनडात स्की करताना हिमकडा कोसळून ते गेले, वय अवघं २६. नेमकी मर्यादा १९६४ साली सोव्हिएत गणिती कादेत्स यांनी सिद्ध केली: पाव. सगळे सरकणे पावापेक्षा कमी अशा एखाद्या आकड्याच्या आत राहिले, तर श्रेणी शाबूत. पावाला भिडलं की हमी गेली.

सहावी पायरी: एक उदाहरण शेवटपर्यंत

एक तार घ्या, एक हर्ट्झची, लांब आणि ढिली. तिला खालून सगळीकडे मऊ स्प्रिंगचा आधार द्या, गादीवर ठेवल्यासारखा. आधारामुळे प्रत्येक वारंवारतेच्या वर्गात एक ठरावीक भर पडते. ती भर ३ धरू. मग वारंवारता होतात ४, ७, १२, १९, २८ यांची वर्गमुळं: २, २.६४६, ३.४६४, ४.३५९, ५.२९२ हर्ट्झ.

अंतरं लिहा: ०.६४६, ०.८१८, ०.८९५, ०.९३३, आणि पुढे एकाकडे सरकत जाणारी.

सरळ इंगहॅम लावला तर सगळ्यात लहान अंतर ०.६४६, म्हणून काळ १.५५ सेकंद. पण लाटेचा विचार वेगळं सांगतो. मऊ आधारामुळे लाट मागे शेपूट सोडते, तिचं तोंड मात्र पूर्वीच्याच वेगाने धावतं. जाऊन-येऊन एक सेकंद. मग हे वरचे ०.५५ सेकंद कुठून आले?

ते पहिल्या दोन मोडच्या जवळिकीतून आले. पहिला मोड यादीतून काढला तर उरलेल्यांचं किमान अंतर ०.८१८, काळ १.२२. दुसरा काढला तर १.१२. असे सुरुवातीचे मोजके मोड काढत गेलात की काळ एकाच्या हवा तितका जवळ येतो. फ्रेंच गणिती आलँ आरो यांनी १९८९ मध्ये दाखवलं, की वारंवारता सगळ्या वेगळ्या असतील तर असे काढलेले मोजके मोड नंतर परत घालता येतात, काळ न वाढवता. फक्त स्थिरांक बदलतो. म्हणजे एक सेकंदापेक्षा किंचित जास्त काळ पुरतो. सुरुवातीच्या जवळ बसलेल्या मोडांची किंमत वेळेत नाही, जोरात मोजावी लागते.

वहीत हे स्वतः करा. मग भर ३ ऐवजी ३० घेऊन बघा. सुरुवातीची अंतरं फारच लहान होतील, सीमा तिथेच राहील.

सातवी पायरी: हात कुठे ठेवायचा

आतापर्यंत धक्का प्रत्येक मोडपर्यंत पोचतो असं धरलं. टोक हलवताना ते खरं आहे. तारेच्या मधल्या एखाद्या बिंदूवर जोर लावलात तर खरं राहीलच असं नाही. बरोबर मधोमध लावलात तर सगळे सम मोड निसटतात, कारण तो त्यांचा निस्पंद बिंदू आहे, म्हणजे तिथे ते हलतच नाहीत. तास न् तास धक्के दिलेत तरी ते हलणार नाहीत. एक तृतीयांशावर लावलात तर तिसरा, सहावा, नववा निसटतील.

हीच गोष्ट तार छेडण्याला लागू पडते: ज्या सुराचा निस्पंद बिंदू तिथे असेल, तो सूर उमटू नये. रामन यांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांवर लिहिताना नोंदवलं, की तानपुऱ्यात तो तरीही उमटतो. कारण घोडीवरची जवारी. तार तिच्या रुंद पाठीवर लोळत राहते आणि एका मोडची ऊर्जा दुसऱ्यात जाते. मिरजेत तानपुऱ्याची जवारी काढताना कानसाने हलके हलके घासून ऐकत बसलेले कारागीर पाहिले की मला हे आठवतं. आपलं गणित मात्र जवारीशिवायच्या सरळ तारेचं आहे.

मग बिंदू अपरिमेय जागी घेतला तर? लांबी भागिले दोनाचं वर्गमूळ, म्हणजे ०.७०७१ वर. तिथे कुठलाच मोड पूर्ण निसटत नाही. पण धक्का किती पोचतो ते पाहा, पूर्ण पोच म्हणजे १ धरून. सातवा मोड: ०.१५७. सतरावा: ०.०६५. एक्केचाळिसावा: ०.०२७. नव्व्याण्णवावा: ०.०११. मोडचा क्रमांक आणि हा आकडा गुणा, चारही वेळा १.१ च्या आसपास येतं. म्हणजे सर्वात वाईट मोडांचीही पोच क्रमांकाच्या व्यस्त प्रमाणातच घटते, त्याहून वाईट नाही. सुरुवातीची अवस्था पुरेशी गुळगुळीत असेल तर काम होतं. खडबडीत असेल तर नाही. सगळ्या अपरिमेय जागा इतक्या चांगल्या नसतात. जी अपूर्णांकांच्या फार जवळ जाते ती जागा टाळा.

फूटपट्टीबद्दल थोडं

तुळईत अंतरं वाढत जातात: १०८, २३०, पुढे आणखी. मोजके मोड बाजूला ठेवले की किमान अंतर हवं तितकं मोठं करता येतं, म्हणून कागदावर तुळई कितीही छोट्या काळात थांबवता येते. काळ कमी केला तर लागणारा जोर मात्र भयानक वेगाने वाढतो. शिवाय हे साध्या तुळईच्या मॉडेलचं विधान आहे, ज्यात लाटेच्या वेगाला मर्यादाच नाही. खऱ्या पोलादात आहे.

पडद्यावर, म्हणजे तबल्यावर, हा मार्ग सरळ चालत नाही. एका ठरावीक वारंवारतेखाली किती मोड आहेत ते तिच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, त्यामुळे शेजाऱ्यांमध्ये किमान अंतर राहतच नाही. तिथे बार्दोस, लबो आणि राउख यांनी १९९२ मध्ये लाटांच्या किरणांवरून उत्तर दिलं: प्रत्येक किरण ठरलेल्या काळात नियंत्रणाच्या जागेवर आला पाहिजे. तो वेगळा अभ्यास.

शेवटची पायरी: संगणकावर करताना

इथे मी स्वतः तीन आठवडे घालवले आहेत. साधी तार, एक हर्ट्झ, टोकावर नियंत्रण, काळ १.२ सेकंद. तारेचे ५० बिंदू केले, शेजारच्या बिंदूंच्या फरकांनी समीकरण मांडलं, धक्का काढला. बरा आला. अचूकतेसाठी १०० बिंदू केले. धक्का वाईट झाला. २०० केले आणि आकडे फुटले. मी प्रोग्राममध्ये चूक शोधत राहिलो. प्रोग्राम बरोबर होता.

चूक वारंवारतांच्या यादीत होती, आणि ती छापून पाहायला मला सुचलं नव्हतं. तारेच्या तुकड्यांवर मांडलेल्या समीकरणाच्या वारंवारता १, २, ३ अशा जात नाहीत. खालच्या ठीक असतात, वरच्या एकमेकींच्या अंगावर येतात. ५० बिंदूंना शेवटच्या दोन वारंवारतांमधलं अंतर ०.०४६ हर्ट्झ, इंगहॅमचा काळ २१ सेकंदांच्या वर. १०० बिंदूंना अंतर ०.०२३, काळ ४३ सेकंद. बिंदूंची जाळी जितकी बारीक, तितकी अवस्था वाईट. खऱ्या तारेत असली कंपनं नाहीतच. ती जाळीने तयार केलेली आहेत आणि जाळीवर ती जवळजवळ जागच्या जागी तरंगतात, टोकाकडे येतच नाहीत. इन्फांते आणि सुआसुआ यांनी १९९९ मध्ये हे काटेकोरपणे सिद्ध केलं.

उपाय सोपा आहे. वरचे मोड हिशेबात घेऊच नका. फक्त खालचे एक तृतीयांश ठेवले तर किमान अंतर ०.८६६ च्या खाली जात नाही, बिंदू ५० असोत की ५,०००. काळ १.१५५ सेकंदांच्या वर हवा, म्हणजे आपले १.२ पुरतात. मी तसं केलं आणि ५०, १००, २०० बिंदूंचे तीनही धक्के एकाच कागदावर काढले. रेषा एकमेकींवर बसत गेल्या.

तेव्हापासून कुणी विद्यार्थी बिघडलेला धक्का घेऊन आला, की मी आधी त्याच्याकडून वारंवारतांची यादी मागतो, आणि तिच्या शेजारी हाताने लिहिलेला अंतरांचा रकाना.